एकाच पिराला दोन नवस

त्या दोन-तीन वर्षांत आमच्या आईच्या हातातल्या बांगड्या कमी होत गेल्या. एरवी तिच्या दोन्ही हातांत मिळून डझनभर तरी हिरव्या बांगड्या असायच्या. सकाळी ती भाकरी थापायला बसली की काठवटीवर त्यांचा जो आवाज व्हायचा, त्यानंच मी जागा व्हायचो. मग धुणं आपटताना एक पिचली, सरपण मोडताना दुसरी, म्हशीनं मान झटकली तेव्हा एकदम तीन, आणि गेलेल्यांच्या जागी तिनं नव्या भरल्याच नाहीत. शेवटी एका हातात दोन आणि दुसऱ्यात तीन उरल्या. आता भाकरी थापताना ओल्या पिठावर तळव्याचा बोथट आवाज तेवढा यायचा. शेजारच्या बायका बघायच्या, पण विचारायचं कुणी नाही, कारण ते का, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आमच्या गावात बांगड्या भरायची ती जैतूनचाची, आणि तिच्यापुढं हात करायची आईला हिंमत होत नव्हती. कोरेगावच्या बाजारात दुसरे मणेर बसायचे, पण तिकडं जायला तिचं मन घेत नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून जिनं हात दाबून दाबून बांगडी चढवली, तिला सोडून दुसऱ्या कुणापुढं बसायचं म्हणजे मुलगा गेला तशी आता गिऱ्हाइकंही गेली, असं तिला सांगितल्यासारखं झालं असतं.

जैतूनचाचीचं घर आमच्या आळीच्या टोकाला, टेकडीकडं जाणाऱ्या वाटेवर. नवरा लवकर वारलेला, पदरात एकच मुलगा, युसूफ. माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, तो आणि युसूफ एका वयाचे. शाळेत एका तरटावर बसले, विहिरीत एकाच दिवशी पोहायला शिकले आणि साताऱ्याला भरतीलाही एकाच दिवशी गेले. आमचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ते फौजेतून हवालदार होऊन आलेले. त्यामुळं दादाचं जाणं घरात ठरल्यासारखंच होतं. युसूफ त्याच्या मागोमाग गेला. दोघं एकाच तुकडीत राहिले. रजेवर आले की दोघांचा मुक्काम आलटून पालटून दोन्ही घरी असायचा आणि कोण कुणाच्या घरी जेवलं हे दोन्ही आयांना दुसऱ्या दिवशी कळायचं.

एकाहत्तर साली पूर्वेकडं लढाई सुरू झाली तेव्हा मी मॅट्रिकच्या आदल्या वर्गात होतो. आमच्या सोप्यात आबांचा रेडिओ होता, त्याच्याभोवती संध्याकाळी माणसं बसायची. आबा बातम्या ऐकत आणि ऐकणाऱ्यांना नकाशा नसताना जमिनीवर काडीनं नकाशा काढून दाखवत. आई मात्र रेडिओ लागला की उठून गोठ्यात जायची. एका गुरुवारी, आमच्याकडच्या बोलीत बेस्तरवारी, जैतूनचाची आली, दोघी चुलीपाशी काही बोलल्या आणि मला म्हणाल्या, चल बरोबर. टेकडीवर आमच्या गावचा पीर आहे. छोटी चुन्याची कबर, भोवती दगडी जाळी, शेजारी एक वाकडं चिंचेचं झाड. गावात कुणाचं लेकरू आजारी पडो, कुणाची गाय हरवो, बाया तिथं जायच्या. कोण कुठल्या घरची हे तिथं कुणी बघत नव्हतं. आईनं जाळीला दोरा बांधला आणि पुटपुटली, माझं लेकरू सुखरूप येऊ दे, मलिदा करीन, चादर घालीन. जैतूनचाचीनं तिच्या दोऱ्याला लागूनच आपला दोरा बांधला आणि अगदी तेच मागितलं. उतरताना दोघींचं ठरलं की फेडायचा तोही मिळून, एकाच दिवशी. दोन्ही पोरं एकदमच येणार, मग दोनदा टेकडी कशाला चढायची? चाचीचे गुडघे दुखायचे, त्यावरून आई तिला हसली. दोघींना असं मोकळं हसताना मी पुढं बरीच वर्षं पाहिलं नाही.

दादा आला. युसूफ आला नाही. त्याला तिकडंच पुरलं, असं पत्र आलं.

दादा आला तो डाव्या कानानं बहिरा होऊन. तोफेच्या आवाजानं पडदा फाटला होता, म्हणून वर्षभरात त्याला फौजेनं घरी पाठवलं. आम्ही सगळे त्याच्याशी उजव्या बाजूनं बोलायला शिकलो. तो मात्र कुठल्याच बाजूनं बोलत नव्हता. मळ्यात विहिरीवर आमचं तेलावरचं इंजिन होतं, तो दिवसभर तिथं खोपीत बसायचा. ते इंजिन असं ठोके द्यायचं की शेजारी उभ्या माणसाशी बोलता येऊ नये, आणि मला वाटतं त्याला तेच बरं वाटत असावं. उसाला पाणी देऊन झालं तरी तो इंजिन बंद करायचा नाही, मग आबा ओरडायचे, रॉकेल काय झाडाला लागतंय का म्हणून. घरी यायचा तो जेवायला. मान खाली घालून चार भाकरी खायचा, आईनं अजून हवं का विचारलं की हात आडवा करायचा. आणि गावात असून तो एकदाही जैतूनचाचीच्या घराकडं फिरकला नाही. मळ्यात जायची जवळची वाट तिच्या दारावरून होती, तर तो ओढ्याला वळसा घालून जायचा.

नवस राहिला तो राहिलाच. म्हैस गाभडली तेव्हा आईला तो आठवला, आबांना कावीळ झाली तेव्हा आठवला, दादाला आलेलं एक स्थळ परत गेलं तेव्हाही. प्रत्येक वाईट गोष्ट तिला त्या दोऱ्याशी बांधलेली दिसायची. आबा एकदा वैतागून म्हणाले, "आगं मग फिडून टाक की एकदाचा. त्येला काय हुतंय?" आई चुलीतला जाळ मागं ओढत म्हणाली, "कुनाच्या दारावरनं जाऊ मलिद्याचं ताट घिऊन? तिनं बी त्योच नवस केल्याला." माझ्या डोक्यात तिथून एक किडा शिरला. दोन आया, एक पीर, एक वार, एकच मागणं. दोऱ्याला दोरा लागून. मग एकीचं ऐकलं आणि दुसरीचं का नाही? आईनं काय जास्त केलं होतं? जैतूनचाचीचं काय कमी पडलं? मी हे विचारत सुटलो. देवळात कीर्तनाला आलेल्या बुवांना विचारलं, ते म्हणाले, प्रारब्ध. पिराची दिवाबत्ती बघणाऱ्या मुजावराला विचारलं, तो म्हणाला, मालिकची मर्जी. आबांना विचारलं, ते म्हणाले, गोळीवर नाव लिवल्यालं असतंय. तिघांनी तीन तऱ्हांनी मला एकच सांगितलं, की पोरा, गप बस.

गप बसायला मी सांगलीला गेलो म्हणायला हरकत नाही. मॅट्रिकला मार्क बरे पडले होते. आबांच्या ओळखीचा एक व्यापारी सांगलीत हळदीचा धंदा करायचा, त्यानं गोदामामागची एक खोली दिली. कोरेगावला पॅसेंजरमध्ये बसलो, पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन, आणि कृष्णेचा पूल येईपर्यंत डब्यात कुणाशी एक शब्द बोललो नाही. पुढं तीच सवय लागली. खोलीत हळदीचा खकाणा सगळीकडं बसायचा. उशी पिवळी, धुतलेला शर्ट पिवळा, वही उघडली की पानांच्या घडीतून पिवळी रेघ. आंघोळीनंतर पंचाही पिवळा व्हायचा, जणू रोज माझं लग्न लागत होतं आणि मांडवात दुसरं कुणी नव्हतं. खानावळीतल्या आमटीत गूळ असायचा. मला घरच्या खरड्याची इतकी आठवण यायची की डोळ्यांत पाणी यायचं, आणि मग तेही खरड्यानंच आलंय असं समजायचो. पोरं सिनेमाला जायची, नाक्यावर चहा प्यायची. मला कुणी बोलवायचं नाही असं नाही, मीच जायचो नाही. हसण्यातला आपला वाटा मला घेताच येईना. घरी एक नवस अडकून पडलेला आणि आपण इथं हसायचं, असं काहीतरी वाटायचं.

विषय निवडताना मी तत्त्वज्ञान घेतलं. आबांना कार्डावर लिहिलं की हा सरकारी नोकरीला चालतो. विषय घेतलेले आम्ही तिघं होतो. त्यातल्या मुलीचं पहिल्याच वर्षी लग्न झालं, दुसरा एक बँकेत चिकटला, आणि बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला वर्गात मी एकटा उरलो. आमचे देशिंगकर सर उंच, किडकिडीत, कोटाच्या खिशात नेहमी खडू. समोर मी एकटा असलो तरी ते फळ्यापाशी उभे राहूनच शिकवायचे. हजेरी घ्यायचे. मी "हजर" म्हणायचो आणि ते वहीत खूण करायचे. त्यांनी मला वाद कसा मांडतात ते शिकवलं, गृहीत काय, निष्कर्ष काय, मध्ये कुठं फट आहे ते कसं बघायचं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला गप बस म्हणत नव्हतं. पण तास संपला की ते छत्री घेऊन निघून जायचे आणि मी घाटावर जाऊन बसायचो.

त्या काळात मी काय काय केलं ते आज आठवलं तरी स्वतःची कीव येते, थोडं हसूही येतं. एका मठात महिनाभर प्रवचनाला गेलो. स्वामी फार गोड बोलायचे, पण त्यांच्या प्रत्येक दृष्टान्तात शेवटी सगळ्यांचं भलं व्हायचं. कुणी तरी सांगितलं म्हणून चाळीस दिवस पहाटे उठून घाटावर ध्यान करत बसलो. कानांवर धुणं धोपटण्याचे आणि म्हशींना हाकण्याचे आवाज यायचे आणि मन दर वेळी आमच्या गोठ्यात जाऊन उभं राहायचं. देव नाही असं मानणाऱ्या काही मंडळींच्या बैठकीलाही गेलो. सज्जन माणसं होती, चहा द्यायची. त्यांना मी दोन नवसांची गोष्ट सांगितली तर ते खूश झाले, म्हणाले हेच, हेच तर आम्ही म्हणतो. त्यांचं बरोबरच असावं. पण एका आईचं पोर गेल्याच्या गोष्टीवर कुणी खूश होतंय हे बघून मला तिथं बसवेना. मी परत गेलो नाही. आज माझ्या घरात, याच सांगलीत, भिंतभर पुस्तकं आहेत. त्यातली बरीच पेन्शनीतून घेतलेली. नात विचारते, आजोबा, एवढं वाचून काय कळलं? मी तिला काहीतरी सांगतो. पण त्या घाटावरच्या मुलाला जवळ बसवून कुणी नुसतं जेवलास का म्हणून विचारायला हवं होतं, एवढं मला आता नक्की कळतं.

बी.ए.च्या त्याच दुसऱ्या वर्षी पावसाळा संपता संपता सरांनी निबंध लिहायला सांगितला. विषय माझा मी निवडायचा. मी दोन नवसांवरच लिहिलं. नावं घातली नाहीत. 'अ' परत येतो, 'ब' येत नाही, दोघांसाठी केलेली प्रार्थना सारखी. तर प्रार्थना हे कारण मानता येईल का? पाच पर्याय मांडले, पाचही खोडून काढले. पंधरा पानं झाली. तो दिल्यावर सर दुसऱ्या दिवशी वर्गात आले, हजेरी घेतली आणि तो निबंध उभ्यानं मोठ्यानं वाचून दाखवला, मला एकट्याला. वाचून झाल्यावर म्हणाले, तुला यात गती आहे. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी खोलीकडं धावत गेलो. उत्तर हाती आलं नव्हतं, पण आपला प्रश्न इतका धारदार आहे की त्याच्यापुढं कुणी टिकणार नाही, अशी घमेंड आली. 'ब' म्हणजे युसूफ, ज्यानं मला सायकल शिकवताना मागचं सीट सोडलं नव्हतं, हे त्या पंधरा पानांत कुठंच नव्हतं. ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

ती घमेंड घेऊन मी दिवाळीला घरी आलो. घरात फराळाचा वास होता, पण माणसं तशीच. आईनं कडबोळी तळली, दादानं ताट बाजूला सारलं. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी सरळ जैतूनचाचीच्या घरी गेलो. काही तरी मदत करायला गेलो असं मी पुढं पुष्कळांना सांगितलं. ते खरं नाही. मी वाद घालायला गेलो होतो. तिच्या तोंडून मला ऐकायचं होतं की पीर-बीर काही नाही. मला वाटायचं, तिनंच तसं म्हटलं की सगळे सुटतील. आई नवसातून सुटेल, दादा सुटेल, मी सुटेन.

ती उंबऱ्यात बसून बांगड्या मापाप्रमाणं दोरीत ओवत होती. मला बघून तिनं पाट सरकवला, पाणी दिलं, सांगलीला उकडतं का विचारलं. माझी उष्टी काढून मला वाढवल्यासारखी ती माझ्याकडं मायेनं बघत होती आणि मी, अठरा-एकोणीस वर्षांचा शहाणा, म्हणालो, "चाची, तुमी अजून दर बेस्तरवारी पिराला जाता. त्यानं तुमचं आयकलं न्हाई. मग का जाता?"

तिचे हात थांबले. एक बांगडी दोरीत अर्धी गेली होती ती तशीच राहिली. शब्द तोंडातून गेले तेव्हा ते निबंधातल्यासारखे राहिले नव्हते.

"भांडाया जाते," ती म्हणाली.

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

"तुला काय वाटलं, चादर घालाया जाते? वर जाते आन् त्येला म्हंते, सांग, माझं काय चुकलं. लय बोलते. शिव्या बी देते. मुजावर उठून लांब जातो." तिनं बांगडी दोरीत पूर्ण ओवली. "त्यो न्हाईच म्हनलं तर मग भांडू कुनासंगं? गावात कोन हाय? तुझी आई मला बघून आत जाती. दोन-अडीच वर्सं झाली, तिनं हातात बांगडी घातली न्हाई माझ्याकडनं. तुझा भाऊ वड्याला वळसा घालून जातो. मला काय दिसत न्हाई व्हय? ल्योक एकच गेला माझा, पन तुमचं समदं घरच बंद झालं मला. त्यो पीर तेवढा हाय. जाग्यावर गावतो तरी."

तिच्याशी वाद घालायला मी पाच पर्याय पाठ करून आलो होतो. तिनं दोरीला गाठ मारली आणि म्हणाली, "आईला सांग, येत्या बेस्तरवारी मलिदा कर. म्या बी येते. आन् तुझ्या भावाला आन. मला त्येला एकच गोष्ट इच्चारायची हाय."

"काय?" मी विचारलं.

"ते त्येलाच इच्चारीन."

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आईनं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. चाची काय विचारणार हे तिला न सांगता कळलं होतं, आम्हा सगळ्यांनाच कळलं होतं: तू कसा वाचलास? माझं पोर कसं गेलं आणि तू कसा आलास? आबा म्हणाले की तसं असेल तर पोराला न्यायला नको, नवस दोन बायांनी फेडावा. आई म्हणाली, "न्यायाच पायजे. तिनं मागितलंय." एवढं बोलून ती उठली आणि गहू निवडायला घेऊन बसली.

दादाला सांगायला मी विहिरीवर गेलो. तो खोपीत बसला होता, इंजिन ठोके देत होतं. मी त्याच्या उजव्या बाजूला गेलो आणि कानाशी तोंड नेऊन सांगितलं. तो उठला आणि त्यानं स्वतःहून इंजिन बंद केलं. एकदम इतकं शांत झालं की उसाची पाती एकमेकांवर घासलेली ऐकू आली. मग तो बोलला, आला त्या दिवसापासून पहिल्यांदाच.

"सदा, लोकांस्नी वाटतं काय तरी झालं आसंल. कुनी तरी कुनाला वाचिवलं आसंल. काय झालं न्हाई. सकाळचं सात-आठ वाजलं आसत्याल. पानी आनायचं हुतं. पाळी त्येची हुती. त्येच्या बुटाचा बंद तुटल्याला, त्यो नवा घालत बसल्याला. म्या म्हनलं, आन हिकडं, मीच जातो. कॅन घिऊन गेलो. नाल्यापतुर गेलो आसंन, तवर मागं गोळा पडला." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "येवढंच. तिनं इच्चारलं तर काय सांगू? बंद तुटला म्हनून मी हाय?"

सांगलीत मी कारणांची केवढी थोरली पुस्तकं वाचली होती. आद्य कारण, निमित्त कारण, पुरेसं कारण. त्या खोपीत बसून मला त्यातलं एकही आठवेना. दादानं मोठ्या अपेक्षेनं माझ्याकडं पाहिलं होतं, घरात शिकलेला मी एकटा, आणि मला त्याच्या खांद्यावर हातही ठेवता आला नाही. आम्ही दोघं तसेच बसलो, दिवस कलेपर्यंत. शेजारी शेजारी बसून इतका एकटा मी पुन्हा कधी झालो नाही.

गुरुवारी सकाळी आईनं गव्हाच्या जाड पोळ्या केल्या, गरम असतानाच कुस्करल्या, त्यात गूळ आणि तूप घालून दोन्ही हातांनी मळत राहिली. मी ताट उचललं. चाची तिच्या दारात उभी होती, डोक्यावरून पदर घेतलेला, हातात हिरवी चादर. आई तिच्यासमोर थांबली. चाचीनं आईचा हात हातात घेतला, मनगट बघितलं, चुकचुकली आणि हात न सोडताच चढायला लागली. मागं आबा, सगळ्यांच्या मागं दादा. वाटेत चाची दोनदा गुडघे धरून बसली, तेव्हा आईही बसली.

वर गेल्यावर आईनं चाचीनं आणलेली चादर घातली, ऊद लावला. तिचा नवस फिटला. मग चाची जाळीपाशी गेली आणि खरंच भांडली. ती ओरडत नव्हती. व्याह्याशी बोलावं तशी, पदर सावरून, हिशेबी बोलत होती. बघ, म्हणाली, हिचा आला, हिनं दिलं. माझ्यावर तुझं काही देणं नाही, तुझ्यावर माझं आहे, आणि मी येत राहणार. आई तिच्या शेजारी हात जोडून उभी होती. आबांनी टोपी काढली होती. मी चिंचेखाली उभा होतो. मला हात जोडता येईनात आणि खिशातही घालता येईनात. सगळे कुणाशी ना कुणाशी बोलत होते. मला तसं कुणी नव्हतं, आणि मी माझ्या पंधरा पानांसकट तिथं किती परका आहे हे मला त्या सकाळी स्पष्ट दिसलं. आजही मी तिथं गेलो की चिंचेखालीच उभा राहतो. यापलीकडं माझी काही मजल गेली नाही, हे या वयात कबूल करायला मला लाज वाटत नाही.

मलिदा वाटला. सगळे चिंचेखाली बसले. मुजावरही बसला. दादा जरा लांब, दगडावर. चाची उठली, गुडघ्यांवर हात रोवत त्याच्याकडं गेली आणि डाव्या बाजूला बसणार तोच त्यानं कानाकडं बोट केलं. तेव्हा ती वळसा घालून त्याच्या उजवीकडं बसली. आईच्या हातातला घास हातातच राहिला. आबा दुसरीकडं बघायला लागले. दादा दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून, वरिष्ठापुढं बसावं तसा ताठ बसला होता.

"त्या दिवशी," चाची म्हणाली, "माझ्या युसूफनं काय खाल्लं हुतं?"

दादाला आधी समजलंच नाही. त्यानं तिच्याकडं मान वळवली.

"सकाळी. काय खाल्लं हुतं का, का उपाशीच गेला?"

"खाल्लं हुतं," दादा म्हणाला. "पुऱ्या हुत्या, चाची. फौजेच्या लंगरमदनं आल्याल्या. थंडगार. पन खाल्ल्या. पाच-सा खाल्ल्या आसत्याल."

"कशासंगं?"

"तुमी रजंला दिल्यालं लोनचं हुतं. लिंबाचं. फोडी समद्या सपल्या हुत्या, तळाला खार तेवढा ऱ्हायल्याला. त्येनं बरनीत पुरी फिरवून फिरवून खाल्ली. मला म्हनला, तुला न्हाई देनार."

चाचीनं मान हलवली. दोन-तीनदा हलवली. तिच्या ओंजळीत मलिदा होता, त्यातला एक घास तिनं तोंडात घातला आणि सावकाश चावला.

"मीठ लय पडलं हुतं त्या वक्ताला," ती म्हणाली. "मला मागनं वाटलं. खारट झालं हुतं का रं?"

"न्हाई चाची," दादा म्हणाला. "बरूबर हुतं."